निषेध वेगळा, खंडन वेगळं

शुक्रवार, २५ एप्रिल २०२५. पहलगामला २६ माणसांना गोळ्या घातल्या त्याला तीन दिवस झाले होते, आणि त्यातले दोघं आपल्या पुण्याचे होते. मी भवानी पेठेत चाचांच्या बाइंडिंगच्या दुकानात गेले होते. आमच्या वाचनालयाची जीर्ण पुस्तकं गेली कित्येक वर्षं तेच बांधून देतात. एरवी त्यांच्या पाटावर फर्मे (पुस्तकाच्या छापील पानांचे दुमडलेले गठ्ठे), सुई-दोरा आणि खळीचा डबा असतो. त्या दिवशी सगळं बाजूला सारून ते मोठ्या कात्रीनं काळं कापड कापत बसले होते. तीन बोटं रुंद, हातभर लांब पट्ट्या. "रेक्झिनची गाठ बसत नाही, म्हणून कापड घेतलं," एवढंच म्हणाले. जुम्म्याच्या नमाजला जाताना दंडावर बांधायच्या होत्या. दुकानातल्या पोरांसाठी, शेजारच्या दोन दुकानांसाठी आणि स्वतःसाठी.

संध्याकाळी घरी आले तर सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न आलेला: "यांचे धर्मगुरू अशा वेळी गप्प का बसतात?" खाली अंगठ्यांची रांग. मी उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं. दुपारी पाहिलेल्या पट्ट्यांबद्दल लिहून भागणार नव्हतं. प्रश्न विचारणारे काका वाईट मनाचे नाहीत, त्यांना खरंच ठाऊक नाही. मलाही फार माहिती होती असं नाही. त्यानंतर मी जे वाचलं, विचारलं, समजून घेतलं ते इथे सांगते.

आधी 'धर्मगुरू' म्हणजे कोण?

आपण शंकराचार्य किंवा पोप डोळ्यासमोर ठेवून 'यांचे धर्मगुरू' म्हणतो. सुन्नी मुसलमानांमध्ये असा सर्वांच्या वर बसलेला माणूस नाही. शिया पंथातल्या दाऊदी बोहरा समाजाला एक प्रमुख आहेत, पण तो अपवाद. बाकी ठिकाणी इमाम म्हणजे नमाज पढवणारा, बहुतेकदा मशिदीच्या ट्रस्टनं तुटपुंज्या पगारावर ठेवलेला. हाफिज म्हणजे कुराण मुखोद्गत असलेला. मौलाना किंवा आलिम म्हणजे मदरशातला कित्येक वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेला. मुफ्ती त्याच्याही पुढे जाऊन धर्मशास्त्राच्या प्रश्नांवर मत द्यायला शिकलेला. आणि मशिदीची सूत्रं ज्यांच्या हातात असतात ते ट्रस्टी यांपैकी कुणीच नसतात. कुणी व्यापारी, कुणी ठेकेदार, कुणी निवृत्त कारकून.

त्यात पंथ आहेत. देवबंदी, बरेलवी, अहले हदीस, शिया. उत्तर प्रदेशातल्या देवबंदच्या मोठ्या मदरशातल्या मौलानांनी काही सांगितलं तर बरेलवी मशिदीनं ते ऐकलंच पाहिजे असं मुळीच नाही, उलट ऐकणार नाही याचीच शक्यता जास्त. त्यामुळे 'मुसलमानांनी एकमुखानं बोलावं' ही अपेक्षा करताना ते एकच तोंड कुठे आहे, हेही सांगावं लागेल.

दुसरा शब्द फतवा. मराठीत त्याचा अर्थ हुकूम, फर्मान असा होऊन बसलाय. 'पक्षश्रेष्ठींचा फतवा' असे मथळे आपण रोज वाचतो. मूळ अर्थ वेगळा आहे. फतवा म्हणजे प्रश्नाला दिलेलं उत्तर. कुणीतरी लेखी प्रश्न विचारतो, त्याची जुनी सुरुवात 'धर्माचे विद्वान या बाबतीत काय फर्मावतात' अशा अर्थाची असते. मुफ्ती आधार देऊन मत लिहितात आणि शेवटी 'अल्लाहच अधिक जाणतो' अशा अर्थाचे शब्द लिहून खाली सही करतात. म्हणजे आपलं मत चुकू शकतं ही कबुली त्या कागदावरच असते. ते न पटलं तर माणूस दुसऱ्या मुफ्तीकडे जाऊ शकतो. भारतात फतव्याला कायद्याचं बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ७ जुलै २०१४ रोजी स्पष्ट केलंय.

मग ज्याला बळ नाही अशा कागदाचा उपयोग काय? इथेच मुख्य गोष्ट येते.

दोन कामं, दोन शब्द

उर्दूत मजम्मत हा एक शब्द आहे आणि तरदीद हा दुसरा. मजम्मत म्हणजे निषेध. तरदीद म्हणजे खंडन. आपण दोन्हींना मिळून 'बोलणं' म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो.

निषेध बाहेरच्यांना ऐकू यावा म्हणून असतो. 'जे घडलं ते चूक, आम्ही त्यात नाही, आम्हालाही दुःख आहे.' काळी फीत, मोर्चा, पत्रक, कॅमेऱ्यासमोरची दोन वाक्यं. त्याची गरज असते. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना तो ऐकू यायलाच हवा. पण निषेधानं बंदूक उचलायला निघालेल्या पोराच्या डोक्यातला एक विचारही हलत नाही. त्याच्यासाठी खंडन लागतं. आपल्याकडच्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडतात, समोरच्याचं म्हणणं त्याच्याच आधारांसकट, आणि मग तो एकेक करून खोडतात. तसंच हे. 'तू कुराणातल्या ज्या आयतीचा, म्हणजे वचनाचा, आधार घेतोस ती अर्धी वाचलीस, ज्या विद्वानाचं नाव घेतोस त्यानं असं म्हटलेलंच नाही, आणि ज्याला तू धर्मयुद्ध म्हणतोस ते पुकारण्याचा तुला अधिकारच नाही.' हे काम ज्याच्या हातात ग्रंथ आहेत तोच करू शकतो. पोलीस, पत्रकार किंवा मी ते करू शकत नाही.

मला या विषयात एकच म्हणायचं आहे. आपण निषेध मोजत बसतो आणि खंडन आपल्या कानावरही येत नाही.

निषेधाची गोष्ट, थोडक्यात

२००८ हे वर्ष घ्या. २५ फेब्रुवारीला देवबंदला देशभरातले हजारो उलमा (आलिमचं अनेकवचन) दहशतवादाच्या विरोधात परिषदेसाठी जमले. ३१ मे रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जमियत उलमा-ए-हिंद या उलमांच्या संघटनेच्या सभेत देवबंदचा दहशतवादविरोधी फतवा वाचला गेला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हैदराबादला जमियतच्या अधिवेशनात सुमारे ६,००० उलमांनी त्याला संमती दिली. त्याला तीन आठवडेही झाले नव्हते आणि मुंबईत २६ नोव्हेंबर उजाडला.

पुढे जे झालं ते माझ्या मते या देशातल्या कुठल्याही निषेधपत्रकापेक्षा मोठं आहे. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफन करायला मरीन लाइन्सचं बडा कबरस्तान चालवणाऱ्या मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टनं नकार दिला. इस्लाममध्ये मृताचं लवकरात लवकर दफन करणं ही संपूर्ण समाजाची जबाबदारी मानतात. बेवारस प्रेत असलं तरी वस्तीतले लोक वर्गणी काढून कफन आणतात. ती जबाबदारी नाकारणं काय असतं हे समजून घ्यायचं तर आपल्या गावात एखाद्याला स्मशानात जागा नाकारण्याची कल्पना करून बघा. ते मृतदेह वर्षभराहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिले. शेवटी जानेवारी २०१० मध्ये सरकारनं ते गुपचूप कुठेतरी पुरले आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ही गोष्ट एप्रिलमध्ये सभागृहात सांगितली. २००८ ची बकरी ईद हल्ल्यानंतर दोनच आठवड्यांनी आली, तेव्हाही मुंबईत लोकांनी काळ्या फिती बांधून नमाज पढली होती.

नंतर इराक-सीरियात आयसिस ही अतिरेकी संघटना आली. २०१५ च्या डिसेंबरमध्ये बरेलीच्या उर्सात बरेलवी उलमांनी आयसिस, तालिबान, अल-कायदा यांच्या विरोधात फतवा काढला. २०१६ मध्ये बांगलादेशात एक लाख उलमांच्या सह्यांचा फतवा निघाला. पाकिस्तानात २०१८ च्या जानेवारीत १,८०० हून अधिक उलमांनी आत्मघातकी हल्ले हराम ठरवणाऱ्या मजकुरावर सह्या केल्या. ही यादी बरीच लांबवता येईल, पण मी इथेच थांबते. यादी कितीही लांबवली तरी काकांचा प्रश्न पुढच्या वेळी तसाच येणार.

खंडन कसं चालतं

हिंसेचा मार्ग दाखवणारे पोराला ज्या गोष्टी सांगतात त्या मोजक्या आहेत, आणि उलमा त्यांना भिडतात तेव्हा तोलूनमापून भिडतात.

पहिली गोष्ट तक्फीरची. तक्फीर म्हणजे एका मुसलमानानं दुसऱ्या मुसलमानाला 'तू काफिर झालास' असं ठरवून टाकणं. हे एकदा ठरवलं की त्याला मारायची वाट मोकळी होते. आयसिसनं मारलेल्यांमध्ये मुसलमानच सर्वाधिक होते ते याच वाटेनं. या वृत्तीला इस्लामच्या इतिहासात जुनं नाव आहे, खारिजी. चौथे खलिफा हजरत अली यांची ६६१ मध्ये कूफ्याला हत्या झाली ती एका खारिजीच्या हातून. 'हुकूम फक्त अल्लाहचा' ही त्यांची घोषणा. त्यावर अलींनी दिलेलं उत्तर मुसलमान घरात आजही सांगितलं जातं: बोल खरा आहे, पण हेतू खोटा आहे. आजचे मौलाना आयसिसवाल्यांना 'खारिजी' म्हणतात तेव्हा आपल्याला तो साधा शब्द वाटतो. आतल्या माणसाला मात्र तो सणसणीत लागतो. आपल्याकडे कुणाला सूर्याजी पिसाळ म्हटलं तर जसा लागेल तसा.

तक्फीरच्या विरोधात मोठं काम जॉर्डनमध्ये झालं. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या राजानं अम्मानचा संदेश जाहीर केला आणि २००५ च्या जुलैत पन्नासेक देशांतल्या सुमारे २०० विद्वानांनी तीन गोष्टींवर एकमत केलं. मुसलमान कुणाला म्हणायचं, तक्फीर का करता येणार नाही, आणि फतवा देण्याचा अधिकार कुणाला आहे. सुन्नी आणि शिया, दोन्हींकडचे विद्वान त्यात होते. एरवी जे एकमेकांच्या मागे नमाज पढताना दहा वेळा विचार करतील ते एका कागदावर आले, हेच मला मोठं वाटतं.

दुसरी गोष्ट, तुकडा तोडून दाखवलेल्या आयतीची. कुराणाच्या नवव्या सूरेतली, म्हणजे अध्यायातली, पाचवी आयत 'मुश्रिकांना (अनेक देव मानणाऱ्यांना) जिथे सापडतील तिथे मारा' अशी आहे. ही आयत अतिरेकीही वापरतात आणि इस्लामवर टीका करणारेही वापरतात, आणि गंमत म्हणण्याची सोय नाही, पण दोघेही तिची मागची आणि पुढची आयत सोडून देतात. चौथ्या आयतीत म्हटलंय की ज्यांनी तुमच्याशी केलेला करार पाळला त्यांच्याशी करार शेवटपर्यंत पाळा. सहाव्या आयतीत म्हटलंय की मुश्रिकांपैकी कुणी आसरा मागितला तर त्याला आसरा द्या आणि मग सुरक्षित जागी पोचवा. तिन्ही एकत्र वाचल्या की ती करार मोडणाऱ्या ठरावीक अरब टोळ्यांशी चाललेल्या लढाईबद्दलची सूचना आहे हे कळतं.

मात्र इथे प्रामाणिकपणानं हेही सांगायला हवं की शांततेची बाजू मांडणारेही कधीकधी असंच तोडतात. 'एका माणसाला मारणं म्हणजे सगळ्या मानवजातीला मारणं' हे वचन पाचव्या सूरेतल्या ३२ व्या आयतीचं. भाषणात ते एवढंच येतं. मूळ आयतीत मध्ये एक अपवाद आहे, खुनाबद्दलची किंवा पृथ्वीवर उत्पात माजवल्याबद्दलची शिक्षा. अतिरेकी त्याच फटीत बोट घालतो आणि म्हणतो, बघा, मौलाना तुमच्यापासून लपवतात. म्हणून चांगले मौलाना ती फट लपवत नाहीत. ते म्हणतात की हो, अपवाद आहे, पण शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाचा आणि राज्याचा, कुणा गल्लीतल्या टोळक्याचा नाही. जिहादबद्दलही हेच. जिहादचा मूळ अर्थ झटणं, कष्ट घेणं. त्यातली लढाई हा एक भाग, आणि तिची घोषणा कुणी करायची, कुणाला हात लावायचा नाही, याची शास्त्रात बंधनं आहेत. स्त्रिया, मुलं, म्हातारी माणसं, मठातले साधू यांना मारायचं नाही आणि फळझाडं तोडायची नाहीत, अशी ताकीद पहिल्या खलिफांनी फौजेला दिल्याचं परंपरा सांगते.

भारतातल्या उलमांनी यात एक खास मुद्दा आणला, मुआहद्याचा, म्हणजे कराराचा. देवबंदचे मौलाना हुसैन अहमद मदनी यांनी १९३८ मध्ये 'मुत्तहिदा कौमियत'ची, एकत्र राष्ट्राची बाजू पुस्तक लिहून मांडली आणि जमियतनं फाळणीला विरोध केला. त्याच धारेतले उलमा आज म्हणतात की संविधान हा या देशातल्या इतरांशी आपण केलेला करार आहे आणि दिलेला करार मोडणं हे धर्मानुसार पाप आहे. हे वाक्य ऐकायला साधं वाटतं. पण 'संविधान पाळा, नाहीतर पोलीस धरतील' आणि 'संविधान पाळा, नाहीतर अल्लाहला जाब द्यावा लागेल' यांत श्रद्धावान माणसाला जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो.

सप्टेंबर २०१४ मध्ये १२० हून अधिक विद्वानांनी आयसिसचा म्होरक्या बगदादी याला लिहिलेलं खुलं पत्रही याच जातीचं. त्याच्या सुरुवातीला २४ मुद्दे काढून दिलेत. शिक्षण नसताना फतवे देणं, पत्रकारांना मारणं, छळ, गुलामगिरी, धर्मांतराची सक्ती हे सगळं नाकारत ते शेवटून दुसऱ्या मुद्द्यावर म्हणतं: आपल्या देशाशी निष्ठा ठेवणं इस्लामला मान्य आहे.

एका अक्षराची गोष्ट

यातली एक गोष्ट मी चाचांना सांगितली तेव्हा त्यांनी हातातली सुई खाली ठेवली होती.

तुर्कस्तानात मार्दिन नावाचं गाव आहे. इब्न तैमिया हे विद्वान १३२८ मध्ये वारले. त्यांच्या काळात त्या गावावर मंगोलांची सत्ता होती आणि रहिवासी मुसलमान होते. त्यांना कुणीतरी विचारलं, हे गाव शांततेचं समजायचं की युद्धाचं? त्यांनी उत्तर दिलं की दोन्ही नाही, हा तिसरा प्रकार. तिथल्या मुसलमानाशी त्याच्या योग्यतेप्रमाणे वागावं, आणि जो धर्माच्या नियमाबाहेर गेला त्याच्याशी त्याच्या योग्यतेप्रमाणे… पुढचा शब्द काय? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापलेल्या प्रतीत तो 'युकातलु' असा आहे, म्हणजे 'लढावं'. दमास्कसच्या जुन्या हस्तलिखितात तो 'युआमलु' आहे, म्हणजे 'वागावं'. अरबी लिपीत दोन्ही शब्द दिसायला जवळजवळचे. छापणाऱ्याचा हात चुकला.

त्या चुकीच्या पाठावर पुढे पुस्तिका लिहिल्या गेल्या. १९८१ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात यांचा खून करणाऱ्यांच्या गटाची जी पुस्तिका होती तिनंही याच फतव्याचा आधार घेतला होता. मार्च २०१० मध्ये विद्वान त्याच मार्दिन गावात जमले, त्यांनी या फतव्याची नव्यानं छाननी केली आणि तो हिंसेचा आधार होऊ शकत नाही असं जाहीर केलं.

आपल्याला हे काम परकं वाटायचं कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये तीनशे वर्षांत अपपाठ शिरले होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ते निवडून काढले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठ शुद्ध करणं हे संतांचंही काम होतं. चाचा म्हणाले, "फर्मा उलटा लागला तर पुस्तक बंद असताना कळत नाही. पान उघडून बघावं लागतं."

बोलण्याची किंमत

'मौलाना बोलत नाहीत' म्हणणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

लाहोरचे मुफ्ती सरफराज नईमी आत्मघातकी हल्ल्यांना उघडपणे हराम म्हणत. १२ जून २००९ रोजी, शुक्रवारी, त्यांच्याच मदरशात आत्मघातकी हल्लेखोरानं त्यांना मारलं. श्रीनगरला अहले हदीसचे प्रमुख मौलाना शौकत अहमद शाह दगडफेकीला इस्लामबाह्य म्हणत. ८ एप्रिल २०११ रोजी, पुन्हा शुक्रवारीच, मशिदीबाहेर स्फोटात ते गेले. ४ जून २०१८ रोजी काबूलमध्ये देशभरातले उलमा मोठ्या मंडपात जमले, आत्मघातकी हल्ले हराम असल्याचा फतवा त्यांनी दिला, आणि ते बाहेर पडत असताना दारातच आत्मघातकी स्फोट झाला.

अतिरेक्यांना निषेधाचं भय नसतं. असले फतवे मात्र त्यांना झोंबतात, म्हणून ते असं मारतात.

पुण्यात काय दिसतं

पुण्याला या विषयाची स्वतःची जखम आहे. १३ फेब्रुवारी २०१० च्या शनिवारी संध्याकाळी कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला आणि १७ जण गेले. १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर एकापाठोपाठ स्फोट झाले. जुलै २०२३ मध्ये कोथरूडला गस्तीवरच्या पोलिसांनी मोटारसायकल चोरीच्या संशयावरून पकडलेले तरुण राष्ट्रीय तपास यंत्रणेला हवे असलेले निघाले. ते कोंढव्यात राहत होते हे बाहेर आलं, आणि चाचांच्या पुतण्याला पुढचे चार महिने भाड्यानं खोली मिळाली नाही. नाव सांगितलं की खोली 'कालच गेली' असायची.

बोलण्याआधी माणसं का कचरतात याचं एक कारण इथे आहे. ८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात कबरस्तानाजवळ स्फोट झाले, मेले ते मुसलमान, आणि पकडले तेही मुसलमान तरुण. दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, न्यायालयानं त्यांना दोषमुक्त केलं. ज्या समाजानं हे पाहिलं त्यातला बाप आपल्या पोराच्या मोबाइलवर काही भलतं दिसलं तर पोलिसांकडे धावत जाईल का? जावं, असं मला मनापासून वाटतं. पण त्याचे पाय का अडखळतात हेही मला दिसतं.

आणखी एक गोष्ट सांगते. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. २०२४ मध्ये त्या खुनात दोघांना जन्मठेप झाली. ते दोघं माझ्याच धर्मात जन्मलेले. या अकरा वर्षांत एकदाही मला कुणी विचारलं नाही की तू निषेध केलास का, तुमचे महाराज गप्प का. चाचांना मात्र पहलगामनंतर गिऱ्हाइकांनी विचारलं.

पुण्याची दुसरी ओळखही आहे. २२ मार्च १९७० रोजी हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापलं ते इथेच. तोंडी तलाकपासून धर्मांधतेपर्यंत सगळ्यावर दलवाई मराठीत लिहीत होते, बोलत होते. त्यांच्या मंडळातले पुण्याचे सय्यदभाई यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ही धारा मौलानांच्या धारेपेक्षा वेगळी. मौलाना ग्रंथाच्या आधारानं बोलतात. सत्यशोधक बुद्धी आणि संविधानाच्या आधारानं. त्यांचं आपसात पटत नाही, आणि पटावं अशी अपेक्षाही नको. पण मला एक जाणवलं. मराठी माणसाला दलवाई ठाऊक आहेत कारण ते आपल्या भाषेत होते. देवबंद ठाऊक नाही कारण ते उर्दूत आहे. शुक्रवारी दुपारी नमाजआधी जे बयान, म्हणजे प्रवचन, होतं ते आपल्या पेठांमधून लाउडस्पीकरवर ऐकू येतं, तरी आपल्याला कळत नाही. ते आपण भांडण समजतो किंवा गाणं समजतो. पहलगामनंतरच्या त्या शुक्रवारी चाचांच्या मशिदीतल्या मौलानांनी अर्धा वेळ याच विषयाला दिला होता. दुसऱ्या दिवशी माझ्या घरी येणाऱ्या मराठी पेपरात त्याची एक ओळही नव्हती. 'मस्जिद परिचय' नावाचे कार्यक्रम महाराष्ट्रात आणि पुण्यातही होतात, कुणीही आत जाऊन बघू शकतं; आमच्या सोसायटीतलं कुणी गेल्याचं मला माहीत नाही.

पोरगं मशिदीत नसतं

आता खंडनाचीही मर्यादा सांगते, कारण मौलानांनी नीट समजावलं की सगळं सुटेल असं मी म्हणत नाही.

या वाटेला लागणारं पोरगं बहुधा मशिदीत बसून बिघडत नाही. ते खोलीत बसून, मोबाइलवर, कधी न भेटलेल्या 'भाई'शी बोलत बिघडतं. त्या भाईचं पहिलं सांगणं हेच असतं की तुमच्या मशिदीचे मौलाना सरकारला विकले गेलेत. म्हणजे खंडन करणाऱ्याचा शब्द आधीच पाडून ठेवलेला. अशा वेळी मोठ्या परिषदेचा ठराव कामाला येत नाही. उपयोगी पडते ती ओळखीची माणसं. आई, जी म्हणते हा दोन महिने आमच्याबरोबर जेवायला बसत नाही. मामा, जो फोन हातात घेतो. आणि एखादा मौलाना, जो तीन-चार महिने रोज संध्याकाळी त्या पोराचे प्रश्न ऐकून घेतो, रागावत नाही, आयत उघडून दाखवतो. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकानं २०१५ नंतर घरच्यांना आणि मौलानांना बरोबर घेऊन अशा तरुणांना समुपदेशनानं परत आणण्याचं काम केलंय. त्याला दर वेळी यश येतं असं नाही. पण असं परत आणलेल्या पोराची बातमी होत नाही, व्हायलाही नको.

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार मुसलमान १७ कोटींहून अधिक आहेत. आयसिसकडे इथून गेलेले लोक बेल्जियमसारख्या चिमुकल्या देशातून गेलेल्यांपेक्षाही कमी. २०१४ च्या मे महिन्यात कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंबरोबर इराकला जाऊन बेपत्ता झाले तेव्हा सगळा देश हादरला, कारण तसं क्वचितच घडतं. ही संख्या कमी राहण्यात देवबंदचा किती वाटा, बरेलीचा किती, कल्याणच्या किंवा कोंढव्याच्या आयांचा किती, हे मोजून सांगता येणार नाही. पण रोजचं, कंटाळवाणं, उर्दूतलं ते खंडन त्यात आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

हा लेख मी छापण्याआधी चाचांना वाचून दाखवला. त्यांची शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची, त्यामुळे शब्द अडत नाहीत. सगळं ऐकलं आणि एका वाक्यापाशी थांबवलं. मी लिहिलं होतं, 'मुस्लिम समाजानं काळ्या फिती बांधून निषेध नोंदवला.'

"समाजानं कशाला? सगळ्या समाजाचं मला काय ठाऊक," ते म्हणाले. "माझ्या दंडावर मी बांधली. तेवढंच लिही."

ते वाक्य मी काढलं. पट्टीची रुंदीही त्यांनीच दुरुस्त करून दिली, मी दोन बोटं लिहिलं होतं.